गणबाशेटच्या गल्लीतून

मुंबईत दोन माणसांची नवी ओळख झाली, की पहिला प्रश्न येतो, "राहता कुठे?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "पण मूळचे कुठले?" या दुसऱ्या प्रश्नाला "इथलेच" असे उत्तर देण्याचा खरा अधिकार फार थोड्यांचा. कोळ्यांनी द्यावे, भंडाऱ्यांनी द्यावे, पाठारे प्रभूंनी बिंब राजाची कथा सांगून द्यावे. बाकीचे आपण सारे आलो आहोत. कुणी गलबतातून, कुणी घाट उतरून, कुणी आगगाडीच्या तिसऱ्या वर्गातून. दिवाळी जवळ आली, की कोकणची गाडी नि घाटावरची गाडी सारखीच भरते, आणि तीन पिढ्या गिरगावात काढलेला गृहस्थसुद्धा "यंदा घरी जाणार" असे म्हणतो. म्हणजे राहतो ते बिऱ्हाड आणि सोडून आला ते घर!

इतिहासाच्या पुस्तकांत तह असतात, लढाया असतात, गव्हर्नरांच्या नेमणुका असतात. बिऱ्हाडे कशी आली, कुठे उतरली, त्यांनी चूल कुठे मांडली आणि पोरांना कोणत्या शाळेत घातले, याची बखर मात्र सहसा कोणी लिहिली नाही. तरी तिचे तुकडे इकडेतिकडे सापडतात, आणि ते जोडून पाहिले तर एक गंमत दिसते. नव्या शहरात माणूस येतो तो धंद्यासाठी. धंद्याचा जम बसायला एखादी पिढी पुरते. पण त्या धंद्यावर उभे राहिलेले बिऱ्हाड 'घर' कधी झाले, हे पाहायचे तर दुकानाच्या वह्या पुरत नाहीत, शाळेकडे वळावे लागते. मुंबईपुरते तरी हे खरे आहे, आणि ते दाखवायला एका घराण्याची कथा पुरेशी आहे.

पण त्याआधी थोडे मागे जाऊ.

मुंबई बेट पोर्तुगीज राजकन्येच्या विवाहाच्या तहात १६६१ साली इंग्रजांच्या राजाकडे आले आणि १६६८ साली त्याने ते वर्षाला दहा पौंड खंडावर कंपनीला देऊन टाकले. राजाला बेट नकोसे झाले होते. कंपनीला ते हवे होते, पण नुसते बेट काय कामाचे? माणसे हवीत, आणि तीही पैसा खेळवणारी. जेराल्ड ऑन्जिअर या गव्हर्नराने ते ओळखले. सुरतेकडचे, दीवकडचे व्यापारी इकडे यावेत म्हणून त्याने खटपट चालवली. त्यातल्या एका वाण्याची हकीगत कागदोपत्री राहिली आहे. दीवचा नीमा पारख. १६७७ साली त्याने कंपनीला कळवले, की आम्ही यायला तयार आहोत. पण आमच्या काही अटी आहेत.

त्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. घरासाठी नि वखारीसाठी बिनभाड्याची जागा मिळावी. आपल्या घरात आपला धर्म पाळताना कोणी अडवू नये. आमच्या आवारात कोणी परधर्मीयाने राहू नये आणि जीवहत्या करू नये. लग्ने आमच्या रीतीप्रमाणे होतील. मेलेल्याला आम्ही आमच्या रीतीने अग्नी देऊ. आमच्यातल्या कोणालाही, मग तो कितीही वयाचा असो, बळजबरीने किरिस्ताव करू नये. आमच्या माणसांना ओझी वाहायला धरू नये, रात्रीच्या पहाऱ्याची सक्ती करू नये. बहुतेक अटी कंपनीने मान्य केल्या.

एखादा बाप मुलगी द्यायच्या आधी वरपक्षाकडून सारे वदवून घेतो ना, तसा हा प्रकार! जन्म, लग्न, मरण, देव, धन, सगळ्यांची तरतूद त्या यादीत आहे. एकच गोष्ट नाही. मुलांच्या शिक्षणाचे काय, हा प्रश्न नीमा पारखने विचारलेलाच नाही. आणि त्याला तो का पडावा? वाण्याचा पोरगा दुकानाच्या गादीवर, बापाच्या मांडीला मांडी लावून शिकत असे. दुकान हीच शाळा आणि हिशेबाची वही हेच पाठ्यपुस्तक.

धंद्याने आलेल्या सगळ्याच घराण्यांचे हे असे होते. लवजी नसरवानजी हा सुरतेचा पारशी सुतार १७३६ साली हाताखालचे सुतार घेऊन मुंबईत आला, त्याने गोदी उभी केली आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या वंशजांनी सागवानी जहाजे बांधली. त्यांचे 'वाडिया' हे नावच मुळी धंद्याचे. त्यांची मुले वाकस हातात धरून मोठी झाली. पुढे वाफेची जहाजे आली तेव्हा त्याच घराण्यातला अर्देशीर कर्सेटजी यंत्रविद्या शिकण्यासाठी विलायतेला गेला आणि १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचा सभासद झाला. हा मान मिळवणारा तो पहिला हिंदी माणूस. म्हणजे वाकसाचे दिवस सरले आणि पुस्तकाचे आले. पण ही शंभर वर्षांनंतरची गोष्ट.

आता आपल्या मुख्य घराण्याकडे येऊ.

फोर्टमध्ये एक गल्ली आहे. तिचे आजचे नाव रुस्तम सिधवा मार्ग, पण जुन्या माणसांच्या तोंडी ती 'गनबो स्ट्रीट'. इंग्रजी अक्षरांत हे नाव वाचणाऱ्याला वाटावे, की इथे पूर्वी तोफा आणि धनुष्ये विकत असतील! प्रत्यक्षात तो आपला गणबा आहे, गणबाशेट. अठराव्या शतकात मुंबईत येऊन स्थायिक झालेला हा हिंदू व्यापारी. कुळ दैवज्ञांचे, आडनाव मुरकुटे, आणि मूळ गाव ठाणे जिल्ह्यातले मुरबाड म्हणून सांगतात. मुरबाडहून मुंबई आज दोन-तीन तासांची. त्या काळी मात्र मध्ये खाड्या, त्यापलीकडे परका अंमल, आणि बेटावर पोचल्यावर तटाच्या आत जागा मिळवायची. कंपनीने १७१५ च्या सुमारास कोटाची भिंत बांधायला काढली, ती मुख्यतः वसाहतीच्या रक्षणासाठी. त्या भिंतीच्या आत, उत्तरेच्या अंगाला, बाजारदरवाजाच्या बाजूस हिंदी लोकांची दाटीवाटीची वस्ती झाली. त्या दाटीत ज्याच्या नावाने गल्ली ओळखली जावी, त्याचे बस्तान चांगलेच बसले असले पाहिजे.

गणबाशेटच्या वंशात बाबुलशेट आणि बाबुलशेटचे पुत्र शंकरशेट. या शंकरशेटच्या काळात घराण्याची गणना मुंबईच्या पहिल्या प्रतीच्या व्यापाऱ्यांत होऊ लागली. शंकरशेटचे चिरंजीव जगन्नाथ. सारे त्यांना नाना म्हणत. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. कोणी तर्खडहून आला आणि तर्खडकर झाला, त्याने गाव नावात बांधून आणले. मुरकुट्यांचे उलट झाले. मुंबईने त्यांचे आडनाव पुसले आणि बापाचे नाव, त्याला जोडलेल्या शेटपणासकट, मुलाच्या मागे कायमचे लावले. जगन्नाथ शंकरशेट म्हटले की सारा महाराष्ट्र ओळखतो. जगन्नाथ मुरकुटे म्हटले तर दहातला एकही मान डोलावणार नाही.

नानांच्या जन्माचे साल कोणी १८०० देतात, कोणी १८०३. १० फेब्रुवारी १८०३ ही तारीख धरली, तर त्यांच्या जन्मानंतर बरोबर आठवडाभराने, १७ फेब्रुवारीला, कोटात ती प्रसिद्ध आग लागली. वारा होता, घरे लाकडी होती, गल्ल्या अरुंद होत्या. वस्तीचा सुमारे एक-तृतीयांश भाग जळाला. आग विझल्यावर कंपनीच्या अधिकाऱ्यांनी नव्या बांधणीचे नियम घातले आणि पुष्कळशी हिंदी वस्ती तटाबाहेर सरकली. काळबादेवी, भुलेश्वर, मांडवी, गिरगाव हे भाग त्यानंतर भरत गेले. त्याच सुमारास कोकणात आणि देशावर दुष्काळ पडला होता. उपाशी माणसांचे लोंढे मुंबईत येत होते, आणि त्यांना काम म्हणून शीवचा बंधारा-रस्ता बांधायला घेतला होता. एकीकडून जळलेली घरे सोडून माणसे बाहेर पडताहेत, दुसरीकडून पोटासाठी माणसे आत येताहेत. मुंबईचे हे रूप पुढे कधी बदललेच नाही.

ज्या घराण्याच्या नावाची गल्ली कोटात होती, त्याचा वाडा पुढे गिरगावात दिसतो. आणि वाड्याबरोबर देऊळ आलेच. नाना चौकाजवळचे भवानीशंकराचे मंदिर या घराण्याचेच. घर, दुकान, देऊळ! नीमा पारखच्या यादीतले बहुतेक सगळे साधले होते. पत तर अशी, की अरब आणि अफगाण व्यापारी आपली ठेव बँकेत ठेवण्यापेक्षा नानांच्या पेढीवर ठेवणे पसंत करीत. हजारो कोसांवरून आलेल्या परक्या माणसाने छापील पावतीपेक्षा शेटजींच्या शब्दावर भरवसा ठेवावा, यापेक्षा व्यापाऱ्याला अधिक काय हवे? इथेच थांबते तर हे घराणे एका गल्लीच्या नावापुरते उरले असते.

१८१८ साली पेशवाई बुडाली. आजवर मुंबईत येणारा माणूस तराजू घेऊन, वाकस घेऊन नाहीतर रिकामे हात घेऊन येत असे. आता बोरू घेऊन येणारा माणूस दिसू लागला. पुण्याचे दफ्तर मोडले, कमाविसदार आणि कारकून घरी बसले, आणि नव्या सरकारच्या कचेऱ्या मुंबईत वाढू लागल्या. या माणसाजवळ दुकान नव्हते. त्याने मुलाला गादीवर बसवून काय शिकवावे? त्याचा धंदाच अक्षरांचा. त्याच्या बिऱ्हाडाला शाळा म्हणजे श्रीमंतांची हौस नव्हती. ती पोटाची गरज होती.

शाळा नव्हत्या असे नाही. पंतोजींच्या शाळा होत्या. कुणाच्या तरी पडवीत, नाहीतर देवळाच्या ओवरीत ती भरायची. धूळपाटीवर श्रीगणेशा, मग मुळाक्षरे, पाढे, पावकी-निमकी-दिडकी, मोडी वळण, आणि चुकले तर छडी. या शाळांची थट्टा करण्याची पुढे एक रीतच पडली, पण त्या पावकी-दिडकीवर साऱ्या महाराष्ट्राचा जमाखर्च चालला होता, हे विसरू नये. अडचण एवढीच, की छापील पुस्तक नव्हते, भूगोल नव्हता, आपल्या गावापलीकडच्या जगाची खबर नव्हती. आणि नवे जग तर दारात येऊन उभे राहिले होते.

गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या काळात, १८२२ साली, या कामासाठी मुंबईत एक स्वतंत्र मंडळी उभी राहिली. देशी भाषांत शाळेची पुस्तके तयार करायची आणि शाळा चालवायच्या, हे तिचे काम. १८२७ पासून तिला 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' म्हणू लागले. त्याच १८२२ साली शंकरशेट वारले. विशीतल्या नानांच्या अंगावर पेढी आली आणि जवळजवळ तेव्हापासूनच ही शाळाही आली. बाप गेल्यावर तरुण मुलाने पैसा सांभाळावा की पोराटोरांच्या पुस्तकांत लक्ष घालावे? नानांनी दोन्ही केले, आणि आयुष्यभर केले.

या मंडळीचे कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे एक चिटणीस आणि आपले सदाशिव काशिनाथ छत्रे, म्हणजे बापू छत्रे, हे हिंदी चिटणीस. जर्व्हिसने पंडितांच्या मदतीने गणिताची पुस्तके मराठीत आणवली. बापूंनी इसापाच्या गोष्टी आणि 'बालमित्र' मराठी मुलांच्या हाती दिले. आपल्या घरी आजही इसापनीतीतला लांडगा आणि कोकरू मराठीत बोलतात, ते या मंडळींमुळे.

आणि मग मुले येऊ लागली. पोंभुर्ल्याच्या जांभेकरांचा बाळ १८२५ च्या आसपास मुंबईला आला. त्याचे वय तेरा-चौदा. घरी वडिलांपाशी वेदपठण आणि संस्कृत झालेले. मुंबईत ना वाडा, ना पेढी. बापू छत्र्यांच्या आश्रयाने त्याच्या राहण्याची सोय झाली आणि शिक्षण सुरू झाले. म्हणजे शाळा हेच त्याचे बिऱ्हाड! सात-आठ वर्षांत हा मुलगा छत्र्यांच्या जागी सोसायटीचा चिटणीस झाला, ६ जानेवारी १८३२ रोजी त्याने 'दर्पण' काढले आणि १८३४ साली तो एल्फिन्स्टन विद्यालयात साहाय्यक अध्यापक झाला. हे विद्यालयही असेच उभे राहिले होते. १८२७ साली एल्फिन्स्टन परत जायला निघाले, तेव्हा मुंबईकरांनी दोन लाखांहून अधिक रुपयांची वर्गणी जमवली. निरोपाला पुतळा पुष्कळांना सुचतो. या मंडळींना अध्यापकांच्या जागा सुचल्या. बाळशास्त्री १८४६ साली वारले, अवघे चौतीस वर्षांचे. एवढ्या थोड्या काळात एवढे काम कसे झाले, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

दुसरे बिऱ्हाड लाडांचे. पेडणे महालातल्या मांद्र्याचे हे कुटुंब पोर्तुगीज मुलखातून मुंबईत आले. बाप मातीची चित्रे करून विकायचा. हातावर पोट. गणपतीच्या दिवसांत बरे चालत असेल, एरवी ओढगस्त. मुलगा रामकृष्ण, घरचा भाऊ. अभ्यासात हुशार होताच, पण बुद्धिबळात तरबेज. लॉर्ड क्लेअर तेव्हा गव्हर्नर होता. या पोराचा खेळ पाहून त्याने बापाला सांगितले, की याला इंग्रजी शिकवा, असे सांगतात. मला या गोष्टीत गव्हर्नरापेक्षा बापाचे कौतुक वाटते. सल्ला द्यायला काय जाते? मातीच्या बाहुल्या विकणाऱ्याने मदतीला आलेला मुलाचा हात धंद्यातून काढून त्याच्याकडे पाटी द्यावी, हे सोपे नव्हे. भाऊ आधी मराठी शाळेत शिकला, मग एल्फिन्स्टन विद्यालयात गेला. काठेवाडातल्या बालकन्याहत्येवर निबंध लिहून त्याने सहाशे रुपयांचे बक्षीस मिळवले. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले त्यात तो शिरला आणि १८५१ साली तिथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत होता. हेच डॉक्टर भाऊ दाजी. आज भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला त्यांचे नाव आहे, आणि त्या संग्रहालयासाठी वर्गणी गोळा करताना त्यांच्या जोडीला होते नाना शंकरशेट.

तिसरे घर पारशी उपाध्यायाचे, मूळ नवसारीकडचे. मुलगा चार वर्षांचा असताना वडील वारले. आई मानेकबाई निरक्षर, पण तिने मुलाला सोसायटीच्या शाळेत घातले, कारण तिथे फी नव्हती. फी असती तर आपल्या आईला ती देता आली नसती, हे दादाभाई नौरोजींनी मोठेपणी स्वतःच सांगून ठेवले आहे.

या तीन घरांत सावकारी कुठे आहे, वाडा कुठे आहे? मुरकुट्यांना मुंबईत रुजायला तीन-चार पिढ्या लागल्या होत्या. लाडांनी ते एका पिढीत केले. मधला फरक शाळेचा.

म्हणूनच १८४७ सालचा वाद मला नुसता भाषेचा वाद वाटत नाही.

१८४० साली सोसायटीचे काम सरकारी शिक्षणमंडळाकडे गेले. त्यावर तिघे हिंदी सभासद होते: नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. पुढे सर अर्स्किन पेरी हे न्यायाधीश मंडळाचे अध्यक्ष झाले. त्यांचे म्हणणे असे, की पैसा थोडा आहे. तो गावोगावच्या देशी शाळांवर पातळ करून टाकण्यापेक्षा थोड्या मुलांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण द्यावे, म्हणजे वरचे ज्ञान आपोआप खाली झिरपेल. पेरी हे काही हिंदुस्थानचे वैरी नव्हते. पुढे पार्लमेंटात ते आपल्या बाजूने बोललेही. आणि त्यांच्या मताला आपल्याच लोकांचा पाठिंबा नव्हता असेही नाही. मुलाला इंग्रजी आले तर कचेरीत चिकटेल, हे बापांना तेव्हाही कळत होते.

त्यांच्याविरुद्ध उभे राहिले ते जर्व्हिस, आता ते कर्नल झाले होते, आणि तिघे हिंदी सभासद. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान. नानांनी आपले मत लेखी नोंदवले: पश्चिम हिंदुस्थानातल्या सामान्य लोकांपर्यंत उपयुक्त ज्ञान पोचवायचे असेल, तर इंग्रजीपेक्षा देशी भाषांचे माध्यमच अधिक उपयोगाचे. हे कोण म्हणत होते ते पाहा. नानांना स्वतःला उत्तम इंग्रजी येत होते. ते घरी शिक्षक ठेवून शिकले होते. गव्हर्नरांशी त्यांचे बोलणे इंग्रजीत होई. एल्फिन्स्टन विद्यालयाचा त्यांना अभिमान होता, तेव्हा इंग्रजीचा द्वेषही नाही. त्यांच्या घरात या प्रश्नाने काहीच अडणार नव्हते. अडणार होते ते उद्या पोंभुर्ल्याहून येणाऱ्या पोराचे, मांद्र्याहून येणाऱ्या बिऱ्हाडाचे, आणि जे कधी मुंबईला येणारच नाहीत त्यांचे. पहिलीच पायरी परक्या भाषेची झाली, तर जिन्याच्या तळाशीच गर्दी राहणार. आपण आत पोचल्यावर मागचे दार लावून घेणारी माणसे प्रत्येक शहरात असतात; आगगाडीच्या डब्यात तर रोज भेटतात. नाना दाराला पाय लावून उभे राहिले.

निकाल काय लागला? दोन्ही पक्षांचे थोडे थोडे ऐकले गेले. १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्याने सामान्य जनतेसाठी देशी भाषा आणि वरच्या शिक्षणासाठी इंग्रजी, अशी वाटणी करून दिली. तंटा मिटला असे मात्र म्हणवत नाही. दर वर्षी जून महिना जवळ आला, की मुलाला कोणत्या माध्यमात घालायचे यावरून मुंबईतल्या घराघरांत तो नव्याने सुरू होतो, आणि त्यात पेरी नि शंकरशेट कधी नवरा-बायकोच्या तोंडून, कधी आजोबा-नातवाच्या तोंडून बोलत असतात.

मुलांचे झाले, मुलींचे काय? एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ साली आपली एक ज्ञानप्रसारक सभा काढली आणि पुढच्या वर्षी तिच्या वतीने मुलींच्या शाळा उघडल्या. दादाभाई आणि त्यांचे मित्र घरोघर जाऊन मुली मागत फिरले. कित्येक घरांत त्यांना उंबऱ्यावरूनच वाटेला लावले. अशा वेळी शाळेला जागा कोण देणार? नानांनी आपल्या गिरगावच्या आवारात दिली. जातीतले, जातीबाहेरचे, सगळे बोलले असतील. शेटजींच्या दारात बोलायला मात्र फार थोड्यांना धीर झाला असेल. प्रतिष्ठेचा असाही उपयोग असतो.

नानांची बाकीची कामे इथे भराभर सांगतो, नाहीतर लेखाचे चरित्र होईल. ग्रँट रोडच्या नाटकगृहाला त्यांनी जागा दिली. ते १८४६ साली उघडले आणि १८५३ साली विष्णुदास भाव्यांची नाटके तिथे झाली. रेल्वेच्या पहिल्या खटपटीत ते होते. १८५२ च्या ऑगस्टमध्ये बॉम्बे असोसिएशन निघाली, तिच्यामागे ते होते, आणि १८६२ साली ते कायदेमंडळाचे सभासद झाले.

पण एक काम मात्र थांबून सांगितले पाहिजे. सोनापूरचे स्मशान वस्तीच्या मध्ये येते म्हणून ते तिथून उठवून दूर शिवडीकडे न्यावे, असे सरकारच्या मनात आले. आरोग्याच्या दृष्टीने त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. पण खांद्यावर तिरडी घेऊन एवढे लांब चालायचे गरिबाने? नानांनी लोकांच्या वतीने बाजू लढवली आणि स्मशान तिथेच राहिले. नीमा पारखच्या १६७७ च्या यादीत हीच अट होती, आठवते ना? जिथे आपल्या माणसाला अग्नी देता येतो, तिथे माणूस खरा राहिला.

एवढे सारे करूनही परकेपणाचा डाग एकदा लागायचा तो लागलाच. १८५७ साली देशभर वणवा पेटला, तेव्हा मुंबईतल्या काही गोऱ्या लोकांनी नानांवरच संशय घेतला. बंडवाल्यांशी यांचे संधान आहे म्हणून. चौकशीत काही निघाले नाही. ज्या माणसाने या शहराला शाळा दिली, वाडवडिलांपासून ज्याच्या नावाची गल्ली त्याच कोटात होती, त्यालाही "तू नक्की कोणाचा?" असे विचारले गेले.

१८६४ साली मुंबईची शिरगणती झाली. आकडा निघाला ८,१६,५६२. कापसाच्या तेजीने शहर फुगले होते. अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, भाव कोसळले, आणि १८६५ च्या १ जुलैला अनेक पेढ्यांची दिवाळी न येता दिवाळे आले. त्या महिनाअखेर, ३१ जुलैला, नाना वारले. तेजीत रातोरात शेट झालेल्यांची नावे आज अभ्यासकांखेरीज फारशी कोणाला आठवत नाहीत.

नानांच्या नावाचा रस्ता गिरगावात आहे, चौक आहे, टाउन हॉलमध्ये संगमरवरी पुतळा आहे. पण मराठी घरांत ते नाव पोचले ते यातल्या कशामुळे नव्हे. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती ठेवली गेली, तिच्यामुळे. "शंकरशेट मिळाली" एवढेच म्हणायचे. पुढचा शब्द उच्चारायचीही गरज नसे. कित्येक घरांत आजोबांच्या मोठेपणाचा हा एकच पुरावा पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो, आणि नातवाला संस्कृतचा कंटाळा आला की तो हमखास बाहेर निघतो.

१९१२ साली ही शिष्यवृत्ती मिळाली ती कुलाबा जिल्ह्यातून शिकायला मुंबईला आलेल्या, एल्फिन्स्टन हायस्कुलातल्या एका मुलाला. रायगडाजवळच्या नात्याला त्याचा जन्म झाला होता आणि घर रोह्याचे. मॅट्रिकला तो साऱ्या विद्यापीठात पहिला आला. त्याचे नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख. ज्यांच्या पेढीवर अरब व्यापारी बँकेपेक्षा अधिक विश्वासाने ठेव ठेवीत, त्या शंकरशेटच्या नावाची शिष्यवृत्ती घेऊन गेलेला हा मुलगा १९४३ साली रिझर्व्ह बँकेचा पहिला हिंदी गव्हर्नर झाला. त्याच्या बँकेची कचेरी फोर्टातच होती. गणबाशेटच्या गल्लीपासून पायी जाण्याच्या अंतरावर.